एक नाव दोन हजेरीपटांवर चढले त्याची हकीकत

श्रीनिःशब्द देवता प्रसन्न. जिला घंटा चालत नाही, आरती चालत नाही, टाळी वाजविली तर जी उठून जाते, तिला मनातल्या मनात नमन करून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य चतुर्थी, बुधवार. तिकडील गणतीने सशाचे साल. पूर्वेस एक महाराज्य आहे. त्याचे नाव लिहीत नाही. चहा, रेशीम आणि कागद हे तिन्ही जिन्नस जगाने त्यांच्यापासून घेतले, एवढ्यावरून ओळखावे. त्या राज्यातील एका नगरी, एका चौकात, बहात्तर बायकांचा भर दिवेलागणीस जो गोंधळ जाहला तो कसा जाहला आणि पुढे काय निवाडा पडला, ते येथे साद्यंत लिहिले आहे. लहानांनी मांडी घालून ऐकावे, न समजले तर मध्येच विचारावे, रागे भरणे नाही. कारण ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला त्यांनाही तो अद्याप नीट समजलेला नाही.

तर चौक म्हणजे फरसबंदी मैदान. त्याच्या पूर्वेकडील अर्धा मुलूख सेनापती हौबाईंचा, पश्चिमेकडील अर्धा सेनापती लुआनबाईंचा, आणि मध्ये फुलझाडांच्या बारा कुंड्या, तीच सरहद्द. दोहींकडे छत्तीस छत्तीस बायकांची फौज. फौज म्हणजे तलवारीची नव्हे, नाचाची. त्याचा उगम ऐसा की, त्या राज्यात गिरणीत काम करणाऱ्या बायकांस पन्नासाव्या वर्षी घरी बसवीत. या बायका तरुणपणी भोंग्यावर उठल्या, आणि कर्ण्यावरून एक-दोन-तीन-चार असा हुकूम सुटला की हजार जणी मिळून हात वर, हात खाली, कवायत करीत आल्या. मग एके दिवशी भोंगा थांबला, कर्णा थांबला, आणि हात मात्र उरले. त्या हातांचे काय करावे हे कोणी सांगितले नव्हते. तेव्हा त्या सायंकाळी चौकात जमू लागल्या, आणि गाणे लावून, रांगा धरून, नाचू लागल्या, आणि हा नाच राज्यभर पसरून चौकाचौकात फौजा उभ्या राहिल्या. हौबाई पूर्वी कापडगिरणीत मुकादम होत्या. त्यांचे गाणे खटखट चालीचे, मागावर धोटा धावावा तसे. लुआनबाई पूर्वी रेल्वे ठाण्यावर गाड्यांची घोषणा करीत. त्यांचे गाणे संथ, डोंगरउतारावर चहा खुडण्याचे. नऊ वर्षे दोघी सेनापती एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. कारण विचारले तर दोघीही म्हणत की तिला विचारा.

हौबाईंच्या फौजेत सहा रांगा, आणि सहाव्या रांगेत, सरहद्दीच्या कुंड्यांना पाठ लावून, बाओ यिनह्वा नामे एक आजी उभी राहत असे. वय एकसष्ट. ती मूळची चहाच्या डोंगरातली. मुलाला नगरात नोकरी लागली, सून कामावर जाऊ लागली, नात झाली, तिचे नाव दौदौ, तिला सांभाळावयास कोणी नव्हते म्हणून यिनह्वा आजीस डोंगरातून आणिले, आणि चौदाव्या मजल्यावर ठेविले. तेथे आजीचा जो गोंधळ उडाला तो तीन वर्षे झाली तरी बसला नव्हता. इमारतीचे दार चेहरा पाहून उघडे, ते आजीचा चेहरा पाहून उघडत नसे. मग दौदौला कडेवर घेऊन तिचा चेहरा दाखवावा लागे. बाजारात टोफूवाल्यासमोर सुटे नाणे धरले तर तो काळ्या चौकटींच्या एका चित्राकडे बोट दाखवी आणि आजी त्या चित्राला नमस्कार करी. बोली डोंगरातली, ती नगरात कोणास कळेना. पाच वर्षांची दौदौ तिला दर शब्दाला सुधारी आणि आजी म्हणे, "हो गं बाई, तुझंच खरं."

परंतु या सर्वांत मोठा गोंधळ नावाचा होता. त्या राज्यात वडीलधाऱ्यांस नावाने हाक मारीत नाहीत. तेव्हा इमारतीत तिला सगळे दौदौची आजी म्हणत. सून आई म्हणे. डोंगरात होती तेव्हा मुलाची आई होती, त्याआधी बाओंची दुसरी मुलगी होती. असे करता करता यिनह्वा हे नाव कोठे ठेवले ते आजीचे तिलाही आठवेनासे जाहले होते. मग एका शेजारणीने तिला चौकात नेले आणि ओळखपत्रावरचे नाव पटावर लिहविले. त्या फौजेचा शिरस्ता ऐसा की, गाणे लागण्यापूर्वी हौबाई गिरणीतल्याप्रमाणे हजेरीपट उघडीत आणि एकेकीचे पूर्ण नाव पुकारीत. पहिल्या दिवशी छत्तिसावे नाव पुकारले, "बाओ यिनह्वा." कोणी बोलेना. हौबाई म्हणाल्या, "बाओ यिनह्वा कोण आहे? आल्याआल्या मेली की काय?" शेजारणीने कोपराने ढोसले, "अहो, तुम्हीच ना त्या." तेव्हा आजी दचकून म्हणाली, "हजर," आणि घरी जाताना वाटेत दोनदा थांबली. त्या दिवसापासून ती कधी चुकली नाही. पाऊस असो, गुडघा धरो, दौदौची जेवणे आटोपून ती चौकात हजर. नाच तिला बरा वाटे, परंतु खरे पाहता ती त्या एका हाकेसाठी जात असे.

आता हौबाईंचा कायदा कडक. तीन चुका जाहल्या की नाव पटावरून कटले, पुन्हा लागणे नाही. आजीच्या नावापुढे दोन फुल्या पडल्या होत्या. दोन्ही वेळी कारण एकच. पाठीमागे सरहद्दीपलीकडे लुआनबाईंचे चहा खुडण्याचे गाणे लागे, आणि आजीने जन्मभर तेच काम केलेले, त्यामुळे कान पुढे ठेविले तरी पाय मागचे ऐकत आणि हात आपोआप खुडू लागत. शिवाय डावे-उजवे यात गफलत होई, त्यावर दौदौने उपाय केला. तिने बालवाडीतून लाल दोरा आणिला, आजीच्या डाव्या मनगटास बांधला आणि म्हणाली, "दोरा तो डावा. दोरा नाही तो उजवा. सांग बघू." आजीने सांगितले. "पुन्हा सांग." आजीने पुन्हा सांगितले. ऐसे रोज सकाळी पाच वेळा होत असे, आणि शिकविणारी कंटाळत नसे व शिकणारीही नाही.

ऐसे चालले असता ज्येष्ठ महिना आला, आणि राज्यावर परीक्षा आली. ही परीक्षा म्हणजे काय ते नीट ध्यानात घ्यावे. पूर्वी त्या राज्यात बादशहा असता, कारभारी व्हावयाचे तर परीक्षा द्यावी लागे, आणि परीक्षार्थीस विटांच्या एका अरुंद खोलीत अन्नपाण्यासह तीन दिवस कोंडीत. आता बादशहा नाही, खोल्या नाहीत, परंतु परीक्षा आहे. शाळा संपताच राज्यातील यच्चयावत मुले एकाच दिवशी तिला बसतात, आणि कोणी कोणत्या विद्यापीठात जावयाचे ते तिच्यावर ठरते. त्या दिवसांत इमारती बांधणारे हातोडा खाली ठेवितात, गाडीवाले भोंगा वाजवीत नाहीत, आणि आया लाल वस्त्रे नेसून शाळेच्या दारात उभ्या राहतात, कारण लाल रंग शुभ. त्याप्रमाणे प्रभागाचे कारभारी पेई म्हणून होते, त्यांचा हुकूम सुटला की परीक्षा संपेपर्यंत चौकात कर्णा लावणे नाही, मोठ्याने बोलणे नाही, टाळी नाही. चौकाभोवती चारी बाजूंस इमारती, आणि घराघरातून परीक्षेची मुले. खुद्द हौबाईंची नात शिनयी चौथ्या मजल्यावर, खिडकीशी पुस्तके मांडून बसलेली. ती पोर महिनाभर धड बोलत नव्हती, ताटातले अर्धे टाकून उठे. घरात हौबाई, ज्यांच्या आवाजाने गिरणीत माग थांबत, त्या मांजरीच्या पावलाने चालत असत.

नाच थांबवावा तर फौजा विस्कळीत होतात. मग मनसुबा ठरला की कानावर लावण्याचे बिनतारी हेडफोन आणावे, गाणे जिच्या तिच्या कानात वाजावे, बाहेर काही नाही. गावात असा दुकानदार एकच. दोघी सेनापती एकाच वेळी त्याच्या दारात पोहोचल्या आणि नऊ वर्षांनी प्रथम बोलणे जाहले. दुकानदार म्हणाला, "यंत्र एकच आहे, बायांनो. त्यात दोन नंबर. एक नंबरावर एक गाणं, दोन नंबरावर दुसरं. दोघी मिळून न्या." हौबाई म्हणाल्या, "एक नंबर माझा." लुआनबाई ठाण्यावरच्या आवाजात म्हणाल्या, "कृपया लक्ष द्या. एक नंबर म्हणजे पहिला नंबर असं कुणी समजू नये. तो फक्त आकडा आहे." हौबाई म्हणाल्या, "मग तुम्हीच दोन घ्या की." ऐसा तह जाहला.

मंगळवारी हेडफोन वाटले आणि आजी आपला घरी घेऊन आली. दौदौने तो उलटासुलटा पाहिला आणि धडा सुरू केला. "उजव्या कानावरचं बटण आवाजाचं. डाव्या कानावरचं बटण नंबराचं. नंबराला हात लावायचा नाही. कुठल्याला लावायचा नाही?" आजी म्हणाली, "नंबराच्याला." "तो कुठं?" "दोऱ्याकडे." "शहाणी माझी बाय," असे दौदौ म्हणाली, आजी तिला म्हणत असे तसेच. शिकविणे चोख होते, शिकणेही चोख होते. चूक जाहली ती निराळ्या ठिकाणी. बुधवारी सायंकाळी आजीने हेडफोन डोक्यावर चढविला तो उलटा, डावा उजवीकडे. हे कोणीही कोणास शिकविले नव्हते की तो उलटाही बसतो.

बुधवारी परीक्षेचा पहिला दिवस पार पडला. सायंकाळी दोन्ही फौजा चौकात उभ्या राहिल्या. आता पाहावे, एरवी पूर्वेची फौज निळी आणि पश्चिमेची हिरवी. परंतु परीक्षेचा दिवस, मुलांस शुभ व्हावे म्हणून हौबाईंनी आज्ञा केली की सर्वांनी लाल नेसावे, आणि तोच विचार लुआनबाईंच्याही मनात आला. तेव्हा बहात्तरच्या बहात्तर लाल. हौबाई पूर्वेच्या टोकास, तोंड पूर्वेकडे. लुआनबाई पश्चिमेच्या टोकास, तोंड पश्चिमेकडे. दोघींच्या पाठीमागे आपापली फौज, आणि दोन्ही फौजांची पिछाडी मध्ये कुंड्यांशी पाठीला पाठ लावून. शिरस्ता एकच, आणि तो गिरणीपासून हाडात मुरलेला: समोरची करील ते करावे. मग हौबाईंनी हलक्या आवाजात हजेरी घेतली, आजीने हलकेच "हजर" म्हटले, आणि बोटाची खूण जाहली. बाहेर काही ऐकू येईना. फक्त पानांचा आवाज, आणि दीडशे पायांचा.

आजीच्या कानी गाणे बारीक येत होते. ते वाढवावे म्हणून तिने दोरा नसलेल्या हाताकडचे बटण दाबिले. दौदौने सांगितल्याप्रमाणेच दाबिले. परंतु हेडफोन उलटा, म्हणून ते बटण नंबराचे होते. खटखट थांबली, आणि कानात चहा खुडण्याचे गाणे सुरू जाहले. आजीस वाटले, सेनापतींनी आज गाणे बदलले असेल. का बदलले, कधी सांगितले, आपणच ऐकले नाही की काय, ऐसा घोळ मनात जाहला, परंतु विचारावे कोणास, सर्वांच्या कानावर हेडफोन. आणि हे गाणे तर पायांस पाठ. दोरा बांधल्यापासून पहिल्यांदा तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

त्या गाण्यात तिसरे कडवे आले की मागे वळावयाचे आणि उतारावरून चालावे तसे आठ पावले पुढे जावयाचे, हाताने खुडीत. आजी वळली, पश्चिमेकडे तोंड केले आणि चालू लागली. सहाव्या रांगेतल्या बाकी पाच जणी नवशिक्या. त्यांना आपले पाऊल कधीच ठाऊक नसे. त्यांनी पाहिले की बाओताई आज फार निश्चयाने चालली आहे, आणि त्या मागे चालल्या. इतक्यात हौबाईंच्या गाण्याचेही तिसरे कडवे आले. त्यातही मागे वळणे होते, परंतु जागच्या जागी. पूर्वेची सगळी फौज वळली, आणि जी पिछाडी होती ती आघाडी जाहली. तीस जणींनी पाहिले तो समोर बाओ यिनह्वा चहा खुडीत चालली आहे. कानात खटखट, डोळ्यासमोर खुडणे. कान म्हणे थांब, डोळे म्हणत चल. समोरची करील ते करावे, या कायद्याने डोळ्यांचे खरे ठरले, आणि हौबाईंची समग्र फौज खुडीत खुडीत कुंड्या ओलांडून परमुलखात शिरली.

आजी वळली त्याच क्षणी पश्चिमेची फौजही आपल्या गाण्याप्रमाणे पूर्वेकडे वळली होती, आणि तीही आठ पावले निघाली होती. त्यांस दिसले की समोरून लाल फौज आपलाच नाच करीत आपल्याच अंगावर येत आहे. कित्येकींस वाटले आरसा आणून ठेविला. थांबावे तर मागची अंगावर पडते. मग दोन्ही फौजा एकमेकींतून अशा गेल्या जशा दोन फण्यांचे दाते एकमेकांत जावे. कोणाचा धक्का कोणास लागला नाही, आणि पलीकडे निघाल्या तेव्हा कोण कोणाची ते कोणास कळेना. मग गाण्यात टोपली रिकामी करण्याचे वळण आले, त्यात गोल फिरावयाचे. एक दुसरीच्या मागे, दुसरी तिसरीच्या मागे, ऐसे करता करता बहात्तर जणींचे एक कडे जाहले. त्या कड्यात प्रत्येक जण समोरचीचे पाहून चालत होती, आणि सर्वांच्या पुढे कोणीच नव्हते.

हौबाई पूर्वेच्या टोकास वळून पाहतात तो समोर मुलूख ओस. धावत गेल्या. ओरडावे म्हणून तोंड उघडले, आणि नजर चौथ्या मजल्यावरच्या खिडकीकडे गेली, तेथे दिवा होता. तोंड मिटले. मग जी हाती लागली तिची बाही ओढून हलकेच म्हणाल्या, "इकडे." ती लुआनबाईंची बाई. तिला वाटले हे नवे पाऊल आहे. तिने पुढच्या बाईची बाही ओढली, तिने तिच्या पुढचीची, आणि थोडक्याच वेळात सर्व कड्यात बाही ओढण्याचे पाऊल सुरू जाहले. पलीकडून लुआनबाई आल्या, त्याही कड्यात सापडल्या, आणि दोघी सेनापती एकमेकींच्या मागेपुढे खुडीत आणि ओढीत दोन फेरे फिरल्या. कारभारी पेई आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन उभे होते. यंत्रावर आकडा हुकमाच्या आत. त्यांनी वहीत लिहिले, "शांतता आहे. काय चालले आहे ते कळत नाही."

मग दोन्ही गाणी संपली. कडे थांबले. एकेकीने हेडफोन काढला, आणि नऊ वर्षे जे तोंड पाहिले नव्हते ते शेजारी पाहिले. तेव्हा वरून कोठून तरी हसण्याचा आवाज आला, मुलीचा, आवरत नाही असा. मग दुसऱ्या खिडकीतून, मग पलीकडच्या इमारतीतून. हौबाईंनी वर पाहिले, खाली पाहिले आणि हळूच विचारिले, "आधी कोण वळलं?" आजी पुढे आली आणि म्हणाली, "मीच असेन, हौताई. पण मला वाटलं, तुम्हीच गाणं बदललंत." हौबाईंनी तिच्या डोक्यावरचा हेडफोन पाहिला, सरळ केला, नंबर पाहिला. "दोन," त्या म्हणाल्या. मग हजेरीपट काढून तिसरी फुली मारली आणि नावावरून रेघ ओढिली. "बाओताई, माझा काही तुमच्यावर राग नाही. कायदा आहे." आजी म्हणाली, "हो." तिला पुष्कळ सांगावयाचे होते, ते डोंगरातल्या बोलीत होते, म्हणून राहिले.

लुआनबाई हे ऐकत उभ्या होत्या. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "कृपया इकडे लक्ष द्या. माझ्या गाण्यावर तुमच्याइतकं बरोबर माझ्याकडेही कुणी खुडत नाही. उद्या माझ्याकडे या." हौबाई म्हणाल्या, "माझी बाई माझ्यासमोर फोडता?" "आता तर कापलीत की." "ती माझी मी कापली." ऐसा वाद हलक्या आवाजात पुष्कळ जाहला, आणि आजी दोघींच्या मध्ये उभी राहून कधी इकडे कधी तिकडे पाहत राहिली. तिला एवढेच कळले की नऊ वर्षे भांडण आहे आणि उद्या आपण पलीकडे गेलो तर ते दहावे वर्ष आपल्या नावाने लागेल. नाव पाहिजे होते, परंतु असे नव्हे.

गुरुवारी सकाळी दोरा बांधावयाची वेळ आली तेव्हा आजी म्हणाली, "राहू दे आज. माझं नाव कापलं." दौदौ पुष्कळ विचार करून म्हणाली, "तुझं नाव आजी आहे. ते कसं कापतील?" आजी म्हणाली, "दुसरंही आहे एक." दौदौस हे ठाऊक नव्हते. तिने विचारिले, आजीने सांगितले, आणि दौदौने ते तीनदा म्हणून पाहिले, बा-ओ-यिन-ह्वा, नवा शब्द शिकावा तसे. मग म्हणाली, "छान आहे. कुणाला सांगत का नाहीस?" आजीने हात पुढे केला, आणि दौदौने दोरा बांधला.

सायंकाळी आजी चौकात गेली. नाचावयास नव्हे, दौदौस दाखवावयास आणिले, ऐसे मनाशी ठरवून. परीक्षा चालूच, मौन चालूच. ती सरहद्दीच्या कुंड्यांशी उभी राहिली, ना पूर्वेस ना पश्चिमेस. दोहींकडे हजेरी सुरू जाहली, दबक्या आवाजात, एकाच वेळी. पूर्वेकडे तेहतीस, चौतीस, पस्तीस जाहल्या. हौबाई थांबल्या. पटावर रेघ होती. त्यांनी पट डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, जसे काही रेघेखालचे वाचता येत नाही. पश्चिमेकडे छत्तीस पुऱ्या जाहल्या, आणि लुआनबाईंनी खाली एक नवी ओळ लिहिली, आणि पुकारले. आणि तेच क्षणी पूर्वेकडूनही पुकारा आला. दोन आवाज, एक मुकादमाचा, एक ठाण्यावरचा, आणि दोहींत एकच नाव: "बाओ यिनह्वा."

आजीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. कोणाकडे तोंड करून बोलावे ते तिला समजेना. तेव्हा दौदौने तिच्या दोऱ्याचा हात धरून हलविला आणि कुजबुजली, "आजी, तुलाच." मग आजीने कुंड्यांकडेच पाहून, एकदाच म्हटले, "हजर." पूर्वेकडे खूण पडली. पश्चिमेकडेही पडली. कोणत्या सेनापतीने दुसरीचा पुकारा ऐकला आणि कोणत्या सेनापतीने ऐकला नाही, हे पुढे पुष्कळांनी विचारिले, आणि दोघीही म्हणाल्या की तिला विचारा.

गाणे लागण्यापूर्वी हौबाई कुंड्यांजवळ आल्या, हेडफोन आजीच्या डोक्यावर स्वतः चढविला, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. म्हणाल्या, "एक नंबरावर ठेवलाय. हात लावायचा नाही." मग दुसरीकडे पाहत म्हणाल्या, "नातीनं काल दोन वाट्या शेवया खाल्ल्या. महिन्यात पहिल्यांदा. विचारत होती, पुढं चाललेली ती कोण."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार. नाव सांगितलं."

"कुणाचं?"

"तुमचं. दुसरं कुणाचं सांगू."

आणि बोटाची खूण जाहली. चौथ्या मजल्यावरची खिडकी उघडी होती, तिच्यात कोपर टेकून कोणी उभे होते. तिसऱ्या कडव्यास दोन्ही फौजा वळल्या, एक पश्चिमेकडे, एक पूर्वेकडे, आणि दोहींच्याही समोर, कुंड्यांच्या रांगेत, सर्वांत पुढे बाओ यिनह्वा उभी होती, आणि तिने दोऱ्याचा हात उचलून कोणास न विचारता नंबराचे बटण दाबिले.

एकंदर मजकूर इतका की, फौजा दोन, बायका बहात्तर, आणि दोन्ही पट मिळविले तर बेरीज त्र्याहत्तर भरते. कारभारी पेई यांनी तीन वेळा मोजली, जुळली नाही, आणि मग शेरा मारिला की शांतता आहे. लेखनसीमा.